सेल्समधून बाहेर पडायचंय? राजीनाम्याआधी करायच्या कामांचा क्रम

सेल्समध्ये वर्ष-दीड वर्ष काढलेले तरुण पदवीधर बाहेर पडताना बहुतेक वेळा एकाच वाटेने जातात. आधी वैताग साठतो. मग कुठल्या तरी कोर्सची फी भरली जाते. एखादी महिनाअखेर फार वाईट गेली की राजीनामा जातो, आणि नव्या नोकरीचा शोध सगळ्यात शेवटी सुरू होतो. म्हणजे पैसा आणि वेळ आधी खर्च होतो, आणि ज्या माहितीवर निर्णय घ्यायला हवा होता ती मागाहून मिळते. बचत संपत आली की जी ऑफर येते ती घ्यावी लागते, आणि ती बऱ्याचदा पुन्हा सेल्सचीच असते.

इथे दिलेला क्रम याच्या नेमका उलटा आहे. आधी माहिती, मग छोटा प्रयोग, गरज असलीच तर कोर्स, आणि राजीनामा शेवटी. नोकरी सांभाळून हे सगळं करायला चार ते सहा महिने धरा. एखादा टप्पा लवकर उरकला तर उत्तम, पण टप्प्यांची अदलाबदल करू नका.

## सुरू करण्याआधीची तयारी

कागद वाचा. नियुक्तिपत्र आणि इन्सेंटिव्हची नियमावली काढून शांतपणे वाचा. चार गोष्टी शोधायच्या: नोटीस किती दिवसांची आहे, बॉण्ड आहे का, सोडून गेल्यावर दिलेला इन्सेंटिव्ह परत मागण्याची तरतूद आहे का, आणि स्पर्धक कंपनीत जाण्यावर किंवा ग्राहकांशी संपर्क ठेवण्यावर काही बंधन आहे का. अनेक ठिकाणी इन्सेंटिव्ह तिमाहीनंतर मिळतो आणि त्या तारखेला तुम्ही नोकरीत असणं ही अट असते. ही तारीख वहीत लिहून ठेवा, शेवटच्या टप्प्यात लागेल.

खरा पगार काढा. सेल्समधल्या माणसाला स्वतःचा पगार विचारला की तो नकळत सर्वांत चांगल्या महिन्याचा आकडा सांगतो. त्या आकड्याशी तुलना केली की बाहेरची प्रत्येक नोकरी तोट्याची वाटते. म्हणून निश्चित पगार घ्या, त्यात गेल्या सहा महिन्यांत प्रत्यक्ष खात्यात जमा झालेल्या इन्सेंटिव्हची मासिक सरासरी मिळवा, आणि फिरण्या-बोलण्यावर खिशातून गेलेला खर्च वजा करा. जो उरेल तो तुमचा पगार.

गंगाजळी ठरवा. किमान तीन महिन्यांचा खर्च बाजूला नसेल तर पहिले काही टप्पे सुरू करा, पण पैसे साठेपर्यंत राजीनाम्याचा विषय काढू नका. घरचे तुमच्यावर अवलंबून असतील तर सहा महिन्यांचा खर्च धरा.

वेळ राखून ठेवा. आठवड्यातून दोन संध्याकाळी आणि सुट्टीची एक सकाळ एवढं पुरतं. महिन्याचा शेवटचा आठवडा यातून वगळा. त्या दिवसांत काही होत नाही, आणि ठरवून न झाल्याने उगाच अपराधी वाटत राहतं.

> सावधान: या शोधासाठी ऑफिसचा लॅपटॉप, ऑफिसचा ईमेल किंवा ऑफिसचं नेटवर्क वापरू नका. सीव्हीची फाइलसुद्धा त्यावर ठेवू नका.

## टप्पा १ : त्रास नेमका कशाचा होतो ते शोधा

या टप्प्याला सर्वांत जास्त वेळ द्या, कारण सर्वांत जास्त चुका इथेच होतात. ‘मला सेल्स नको’ हे वाक्य फार ढोबळ आहे. त्याच्या पोटात वेगवेगळ्या तक्रारी असतात आणि प्रत्येकीवरचा उपाय वेगळा असतो.

एक पूर्ण महिना रोजनिशी ठेवा. दोन आठवड्यांची पुरत नाही, कारण महिन्याची सुरुवात आणि महिनाअखेर हे सेल्समध्ये जवळजवळ दोन वेगळे व्यवसाय असतात. रोज रात्री पाच ओळी लिहा: काय केलं, कशाने थकवा आला, कशात वेळ कसा गेला ते कळलं नाही. नोंद अशी दिसेल:

*मंगळवार. सकाळी अनोळखी लोकांना पंचवीस फोन. सातव्या-आठव्यानंतर आवाज यंत्रासारखा झाला. दुपारी जुन्या ग्राहकाकडे गेलो. त्यांचं बिलिंग अडकलं होतं, शेजारी बसून अर्ध्या तासात सोडवून दिलं. त्यातून विक्री काहीच नाही, पण दिवसभरातला बरा वेळ तेवढाच. संध्याकाळी टीम कॉलवर आकड्यांवरून बोलणी खाल्ली.*

ही नोंद लिहिणारा बहुधा म्हणेल, ‘मला माणसांशी बोलायचाच कंटाळा आलाय, आता मी डेटाकडे वळतो.’ त्याचीच वही मात्र वेगळं सांगते. त्याला अनोळखी माणसाच्या मागे लागण्याचा कंटाळा आहे. ओळखीच्या माणसाची अडचण सोडवताना तो खुलतो. दिवसभर एकट्याने स्क्रीनसमोर बसायचं काम घेतलं तर ज्या एका गोष्टीत त्याला आनंद होता तीच हातातून जाईल.

महिना संपला की नोंदी पुन्हा वाचा आणि प्रत्येक तक्रारीपुढे कारण लिहा. साधारण ही कारणं निघतात:

- मॅनेजर किंवा टीम. बोलण्याची पद्धत, सगळ्यांसमोर होणारा अपमान, खोटं बोलण्याचा दबाव. मुख्य कारण हे असेल तर क्षेत्र बदलण्याआधी टीम किंवा कंपनी बदलून पाहा.
- उत्पादन. जे विकतो ते ग्राहकाच्या उपयोगाचं नाही हे मनोमन माहीत असणं. हा त्रास फार खोल असतो आणि टार्गेट पूर्ण झालं तरी जात नाही. ज्यावर विश्वास बसेल असं दुसरं काही विकायला मिळालं तर काहींचा प्रश्न तिथेच सुटतो.
- टार्गेटची पद्धत. दर महिन्याला पाटी कोरी. केलेलं काम साचत नाही, वाढत नाही.
- विक्रीनंतर नातं तुटणं. ग्राहक दुसऱ्या टीमकडे जातो आणि त्याचं पुढे काय झालं ते कळत नाही.
- मन वळवण्याचं कामच नको असणं. उत्पादन चांगलं, मॅनेजर चांगला, आकडे चांगले, तरीही नकोसं वाटतं. इथे मात्र क्षेत्र बदलायलाच हवं.

> तपासा: हे वाक्य पूर्ण करता येतं का? ‘मला ______ नको आहे, कारण ______, पण ______ करताना मी थकत नाही.’ तिन्ही जागा वहीतल्या नोंदींवरून भरता आल्या पाहिजेत. तिसरी जागा रिकामी राहत असेल तर अजून दोन आठवडे लिहा. महिनाभर झोप नीट नाही, सुट्टीच्या दिवशीही कशातच मन लागत नाही असं दिसत असेल, तर करिअरचा निर्णय बाजूला ठेवून आधी डॉक्टरांशी किंवा समुपदेशकाशी बोला.

## टप्पा २ : ‘समाधान’ म्हणजे काय ते मोजता येईल असं लिहा

‘आवडीचं काम शोध’ हा सल्ला तरुणांना फार अडकवतो. बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी बहुतेकांना एखादी ठसठशीत आवड नसते, आणि त्यात काही चूक नाही. त्यापेक्षा कामाचे गुण पाहा. रिचर्ड हॅकमन आणि ग्रेग ओल्डहॅम या संशोधकांनी १९७०च्या दशकात, काम समाधान देतं की नाही हे ठरवणारे पाच गुण मांडले. आजही ते हाताशी ठेवण्याजोगे आहेत: कामात वेगवेगळी कौशल्यं लागतात का, सुरुवातीपासून शेवटपर्यंतचं काम आपल्या हातून होतं का, त्याचा कुणाला खरा उपयोग होतो का, कसं करायचं हे ठरवण्याची मोकळीक आहे का, आणि ते बरं झालं की वाईट हे कळतं का.

या पाचांना तुमच्या गरजेप्रमाणे क्रम लावा. सगळेच महत्त्वाचे म्हणू नका. पहिले दोन निवडा. मग सध्याच्या नोकरीला प्रत्येकात १० पैकी गुण द्या. सेल्समध्ये शेवटच्या गुणाला अनेकदा चांगले आकडे येतात, कारण निकाल रोज समोर असतो. हे लक्षात ठेवा. शिक्षण, संशोधन, धोरणाचं काम अशा क्षेत्रांत निकाल दिसायला महिने, कधी वर्षं लागतात, आणि सेल्समधून तिथे गेलेली माणसं सुरुवातीला यानेच अस्वस्थ होतात.

त्याच कागदावर तीन मर्यादा लिहा: किती पगाराखाली जाणार नाही, कुठल्या वेळेत काम करणार नाही, आणि नव्याने शिकण्यासाठी जास्तीत जास्त किती महिने देऊ शकाल.

> सावधान: समाजोपयोगी संस्थेत गेलं की टार्गेट सुटतं, असं धरून चालू नका. देणग्या मिळवण्याचं काम हे विक्रीच असतं. भरतीच्या कामात जागा भरण्याचे आकडे असतात. संस्थेचा हेतू कितीही चांगला असला, तरी तुमच्या वाट्याला येणारं रोजचं काम वेगळं तपासावं लागतं.

## टप्पा ३ : जमेची बाजू कागदावर आणा

‘मला तर फक्त विकताच येतं’ हे मी इतक्या तरुणांच्या तोंडून ऐकलंय की हा टप्पा मुद्दाम वेगळा ठेवलाय. चूक अशी होते की माणूस पदाचं नाव लिहितो, केलेली कामं लिहीत नाही. एका आठवड्यात हातून जे जे होतं ते क्रियापदात लिहा, आणि त्याला सेल्सबाहेर काय म्हणतात ते शोधा.

ग्राहकाला आधी प्रश्न विचारून त्याची गरज काढून घेता, ते गरजांचं विश्लेषण. बिझनेस अॅनालिस्ट आणि संशोधकही तेच करतात. सीआरएममध्ये, म्हणजे ग्राहकांच्या नोंदी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, कुठली लीड (संभाव्य ग्राहक) कुठे अडली हे पाहता आणि महिन्याचा अंदाज देता, ते आकड्यांवरून नियोजन. नव्या मुलाला सोबत नेऊन शिकवता, ते प्रशिक्षण. चिडलेल्या ग्राहकाला शांत करून मधला मार्ग काढता, ते वाटाघाटीचं काम, आणि खरेदी विभागात त्याची किंमत असते. डेमो देता, ते अवघड गोष्ट सोपी करून सांगणं.

प्रत्येक कामापुढे एक खरा प्रसंग लिहा: परिस्थिती काय होती, तुमच्यावर काय जबाबदारी होती, तुम्ही काय केलंत, काय निष्पन्न झालं. असे दहा प्रसंग जमा करा. सीव्ही आणि मुलाखत दोन्हीसाठी हाच साठा वापरायचा आहे.

पदवीचा विषयही यादीत घ्या. वनस्पतिशास्त्र, इतिहास, वाणिज्य, काहीही असो. ‘त्याचा आता काय उपयोग’ म्हणून खोडू नका. विषयाचं ज्ञान आणि ग्राहकांचा अनुभव एकत्र असलेली माणसं कमी असतात.

## टप्पा ४ : तीनच दिशा निवडा

तीनपेक्षा जास्त दिशा घेतल्या तर एकीचीही नीट चौकशी होत नाही. एकच घेतली तर तिच्यातले दोष दिसत नाहीत. एक जवळची, एक मधली, एक लांबची अशी निवड करा.

जवळची: सेल्सच्या शेजारची कामं. कस्टमर सक्सेस, म्हणजे विकत घेतलेल्या वस्तूचा ग्राहकाला नीट उपयोग होतोय ना हे पाहणं, प्री-सेल्स (विक्रीआधी ग्राहकाच्या तांत्रिक शंका सोडवणं), सेल्स ऑपरेशन्स (विक्रीच्या टीमचे आकडे आणि पद्धती सांभाळणं), ग्राहकांचं किंवा नव्या सहकाऱ्यांचं प्रशिक्षण. अनेकदा याच कंपनीत बदली मिळू शकते.

मधली: मार्केट रिसर्च, यूएक्स रिसर्च (लोक एखादं अॅप किंवा वेबसाइट कशी वापरतात याचा अभ्यास), मनुष्यबळ विभाग, खरेदी, मार्केटिंगमधलं लेखन, प्रॉडक्टचं काम (उत्पादनात काय असावं हे ठरवणं). इथे काही महिन्यांचा अभ्यास आणि दाखवण्याजोगं काम लागतं.

लांबची: शिकवणं, समुपदेशन, सामाजिक कार्य, कायदा, आरोग्यसेवा. यांतल्या बऱ्याच कामांना पदवी किंवा परवाना लागतो. आकर्षण खरं असेल तर घाबरू नका, पण हिशोब वर्षांत करा.

दिशा सुचत नसतील तर अमेरिकेच्या कामगार खात्याचा ‘ओ-नेट’ हा मोफत माहितीसाठा उघडा. शेकडो व्यवसायांत रोज प्रत्यक्ष काय करावं लागतं ते तिथे लिहिलेलं आहे. त्यातली साठ प्रश्नांची आवड-चाचणीही मोफत आहे. पगाराचे आकडे आणि परवान्यांचे नियम तिथलेच असतात, ते सोडून द्या. कामाचं वर्णन मात्र कुठेही उपयोगी पडतं.

मग प्रत्येक दिशेच्या वीस जाहिराती गोळा करा. पदाच्या नावावर जाऊ नका, जबाबदाऱ्यांचा परिच्छेद वाचा. निम्म्याहून अधिक जाहिरातींत जे कौशल्य आलंय ती खरी अट. एक-दोन ठिकाणीच आलंय ती त्या कंपनीची हौस. ‘कस्टमर सक्सेस’ नाव देऊन खाली ‘अधिक विक्रीचं मासिक टार्गेट’ लिहिलेलं असेल, तर तो सेल्सच आहे.

> तपासा: प्रत्येक दिशेसाठी टप्पा २ मधले तुमचे पहिले दोन गुण आणि तिन्ही मर्यादा पडताळा. एकही मर्यादा मोडत असेल तर ती दिशा आत्ताच बदला. पुढे जीव गुंतल्यावर बदलणं जड जातं.

## टप्पा ५ : ते काम करणाऱ्यांशी बोला

प्रत्येक दिशेतल्या किमान चार जणांशी बोला. त्यांतला एक नुकताच रुजू झालेला असावा आणि एक ते क्षेत्र सोडून गेलेला. सोडून गेलेल्या माणसाकडून जे कळतं ते दुसरं कुणी सांगत नाही.

शोध कुठे घ्यायचा? जवळच्या मित्रांकडे सुरुवात करू नका. त्यांना जे माहीत आहे ते बहुतेक तुम्हालाही माहीत असतं. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्येच हे मांडलं होतं की नव्या संधींची खबर बरेचदा जुजबी ओळखीच्या लोकांकडून येते. २०२२ मध्ये लिंक्डइनच्या दोन कोटींहून अधिक वापरकर्त्यांवर झालेल्या प्रयोगांतही फार जवळची नाही आणि अगदीच अनोळखी नाही अशा ओळखीचा नोकरीसाठी सर्वांत जास्त उपयोग दिसला. म्हणजे कॉलेजमधले दोन-तीन वर्षं पुढचे विद्यार्थी, जुन्या ऑफिसातले सहकारी, मित्राची बहीण. आणि हो, तुमचे ग्राहकसुद्धा. फक्त त्यांच्याशी बोलताना शब्द जपून वापरा, कारण बातमी तुमच्या मॅनेजरपर्यंत पोहोचू शकते.

संदेश लहान ठेवा:

*‘नमस्कार. मी वर्षभर सेल्समध्ये काम करतेय. तुम्ही सेल्समधून प्रशिक्षणाच्या कामाकडे वळलात हे तुमच्या प्रोफाइलवर वाचलं. या कामाचा रोजचा दिवस कसा असतो ते मला समजून घ्यायचंय. नोकरीची विनंती नाही. पुढच्या आठवड्यात तुमच्या सोयीने वीस मिनिटं फोनवर बोलता येईल का? प्रश्न आधी लिहून पाठवते.’*

बोलताना ‘या क्षेत्रात स्कोप आहे का?’ असं विचारू नका. त्याचं उत्तर ‘आहे, मेहनत हवी’ एवढंच येतं. हे विचारा: काल सकाळपासून काय काय केलंत? आठवड्यातलं कुठलं काम टाळावंसं वाटतं? तुमचं काम चांगलं झालं हे कोण ठरवतं, आणि कशावरून? नव्या माणसाचं पहिल्या सहा महिन्यांत नेमकं कुठे अडतं? मी आजपासून तीन महिने दिले तर काय करून दाखवावं?

सेल्समधल्या माणसाची एक सवय इथे आड येते. समोरच्याने शंका काढली की आपण तिचं निरसन करायला धावतो. ‘हे काम तुम्हाला कंटाळवाणं वाटेल’ असं कुणी म्हटलं तर स्वतःची बाजू मांडू नका. ‘कुठला भाग कंटाळवाणा?’ एवढंच विचारा आणि ऐका. दुसऱ्या दिवशी दोन ओळींचं आभाराचं पत्र पाठवा.

> तपासा: चौघांशी बोलल्यावर त्या कामातल्या तीन कंटाळवाण्या गोष्टी सांगता येतात का? येत नसतील तर तुम्ही अजून त्या कामाच्या जाहिरातीच्याच प्रेमात आहात.

## टप्पा ६ : छोटा प्रयोग, आणि मगच कोर्स

आता तीनपैकी दोन दिशा उरल्या असतील. दोन्हींत काम करून पाहा. प्रयोग चार ते सहा आठवड्यांत संपणारा हवा, त्यातून दुसऱ्याला दाखवता येईल असं काही उरायला हवं, आणि त्या क्षेत्रातल्या एखाद्या माणसाने ते तपासायला हवं.

शिकवायचं असेल तर आठवड्यातून दोन तास एखादा गट शिकवायला घ्या. एका धड्याचं नियोजन, धडा आणि नंतरची चाचणी असं पूर्ण चक्र करा. वही तपासण्याचं काम टाळू नका, कारण त्या व्यवसायाचा मोठा भाग तोच आहे. संशोधनाकडे जायचं असेल तर सगळ्यांच्या वापरातलं एखादं अॅप निवडा, पाच जणांना ते वापरताना बघा, कुठे अडखळले ते टिपून चार पानांचा अहवाल लिहा. लेखन असेल तर एकाच विषयावरचे तीन वेगवेगळ्या वाचकांसाठीचे मजकूर. डेटा असेल तर खुल्या सरकारी आकडेवारीवर एक प्रश्न घेऊन एक्सेलमध्ये उत्तर काढा. ते करताना रस टिकला तर एसक्यूएलकडे, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढण्याच्या भाषेकडे, वळा. कस्टमर सक्सेस किंवा प्रशिक्षण असेल तर सध्याच्याच नोकरीत एक नवा ग्राहक किंवा एक नवा सहकारी सुरुवातीपासून हाताळायला मागून घ्या.

> सावधान: प्रयोगासाठी किंवा नमुन्यासाठी कंपनीची ग्राहकयादी, किमती, कॉलची रेकॉर्डिंग काहीही वापरू नका. नावं खोडून वापरणंही नको. विश्वासघाताचा एक प्रकार बाहेर आला की चांगलं कामही झाकोळतं, आणि प्रकरण कायद्यापर्यंत जाऊ शकतं.

प्रयोग संपल्यावर स्वतःला दोन प्रश्न विचारा. कंटाळवाणा भाग सुसह्य होता का? आणि कुणी सांगितलं नसतानाही थोडं जास्त करावंसं वाटलं का? दोन्ही उत्तरं नाही असतील तर ती दिशा सोडा. चार आठवड्यांत हे कळलं, ही फार स्वस्तातली माहिती आहे.

कोर्सचा विचार इथे करायचा, आधी नाही. व्यवसायाला कायद्याने परवाना किंवा पदवी लागत असेल तर पर्याय नाही. मान्यता तपासून प्रवेश घ्या. तसं नसेल तर वीस जाहिराती पुन्हा काढा आणि त्यात प्रमाणपत्र मागितलंय की कौशल्य, ते बघा. कौशल्य मागितलं असेल तर प्रयोगात जिथे अडलात तेवढाच भाग शिकवणारा छोटा कोर्स घ्या. ‘नोकरीची हमी’ देणाऱ्या संस्थेकडे हमीच्या अटी लेखी मागा आणि गेल्या तुकडीतल्या तिघांशी स्वतः बोला. संस्थेने निवडून दिलेल्या नावांवर अवलंबून राहू नका.

## टप्पा ७ : सीव्ही आणि ‘सेल्स का सोडताय?’चं उत्तर

प्रत्येक दिशेसाठी वेगळा सीव्ही लागतो. पानाची मांडणी साधी, एका स्तंभाची ठेवा. अर्ज छाननाऱ्या सॉफ्टवेअरला नक्षीदार तक्ते नीट वाचता येत नाहीत. आशय असा बदला:

*आधी:* ‘टार्गेटच्या ११२ टक्के विक्री. उत्तम संवादकौशल्य.’

*प्रशिक्षणाच्या जागेसाठी:* ‘नव्या सहा सहकाऱ्यांना उत्पादन शिकवलं, ग्राहकांच्या नेहमीच्या प्रश्नांची उत्तरपुस्तिका तयार केली, ती टीममध्ये वापरात आहे.’

*संशोधनाच्या जागेसाठी:* ‘दरमहा सुमारे ४० ग्राहकांच्या नकाराची कारणं गटवार नोंदवली, “सुरू करायला वेळ लागतो” हे प्रमुख कारण निघाल्याचं प्रॉडक्ट टीमपुढे मांडलं.’

अनुभव एकच, पण वाचणाऱ्याला हवा असलेला भाग वर आला. जे केलं नाही ते लिहू नका. टप्पा ३ मधले दहा प्रसंग पुरेसे असतात. गोपनीय आकडे टाळून प्रमाण सांगा.

‘सेल्स का सोडताय?’ हा प्रश्न येणारच. उत्तरात मॅनेजरची तक्रार नको, टार्गेटचं रडगाणं नको. ‘मला लोकांशी बोलायला आवडतं’ हेही नको, कारण ते कुणीही म्हणतं. तीन भाग ठेवा: काय केलं, त्यातून स्वतःबद्दल काय कळलं, आणि त्यावर काय पाऊल उचललं. उदाहरणार्थ: ‘वर्षभर विक्री केली, आकडे बऱ्यापैकी गाठले. पण विक्रीनंतर ग्राहक दुसऱ्या टीमकडे जायचा, आणि मला त्यानंतरचाच भाग जास्त जमतो हे लक्षात आलं. म्हणून गेले तीन महिने दोन नव्या ग्राहकांना मी सुरुवातीपासून हाताळलं. त्यात काय केलं ते सांगू का?’ एवढं बोलून थांबा. सेल्समधली माणसं इथे जरुरीपेक्षा जास्त बोलतात आणि उत्तर पातळ करतात.

## टप्पा ८ : अर्ज, ऑफर आणि राजीनामा

आठवड्याला पाच नीट केलेले अर्ज पुरतात. त्यांतले निदान दोन टप्पा ५ मधल्या ओळखीतून जायला हवेत. कंपनीअंतर्गत बदली शक्य असेल तर ती आधी तपासा, पण मॅनेजरशी बोलण्यापूर्वी बदलीचे नियम मनुष्यबळ विभागाच्या पानावर वाचून घ्या. महिनाअखेरीच्या गडबडीत हा विषय काढू नका.

मुलाखतीच्या शेवटी तुम्हीही विचारा: पहिल्या तीन महिन्यांत माझ्याकडून काय अपेक्षा असेल, काम कशावर मोजलं जाईल, आणि ही जागा रिकामी का झाली? ‘मोजणी’च्या उत्तरात विक्रीचा आकडा डोकावला तर तिथेच स्पष्टपणे विचारून घ्या.

ऑफर लेखी हातात आल्याशिवाय राजीनामा देऊ नका. फोनवरचा होकार धरू नका. रुजू होण्याची तारीख इन्सेंटिव्हच्या तारखेनंतरची मागा. बहुतेक ठिकाणी दोन-तीन आठवडे पुढेमागे करतात, मागावं मात्र आपण लागतं. नोटीस काळात प्रत्येक चालू ग्राहकाचं एक पान लिहा: कुठवर बोलणं झालं, कोणतं आश्वासन दिलं, पुढचा फोन कधी. फोनमधले कामाचे नंबर आणि फाइल कंपनीच्या नियमाप्रमाणे परत करा किंवा काढून टाका. अनुभवपत्र आणि अंतिम हिशोबाची तारीख ईमेलवर मागून घ्या.

## हातात फक्त सेल्सचीच ऑफर असेल तर

अजून पहिली नोकरीच लागायची आहे, आणि आलेली एकमेव ऑफर सेल्सची आहे, अशीही बऱ्याच जणांची स्थिती असते. घरची गरज असेल तर निःसंकोच घ्या, पण घेताना निवड करा. निश्चित पगार एकूण रकमेच्या निम्म्याहून जास्त आहे का, बॉण्ड नाही ना, आणि उत्पादन असं आहे का की ज्याबद्दल शिकलेलं पुढच्या क्षेत्रात कामी येईल, हे पाहा. शिक्षणाकडे जायचं असेल तर शैक्षणिक साहित्य विकणारी कंपनी, आरोग्याकडे ओढा असेल तर वैद्यकीय उपकरणांची. रुजू होण्याआधी एक प्रश्न नक्की विचारा: ‘गेल्या दोन वर्षांत या टीममधून दुसऱ्या विभागात किती जण गेले, आणि कुठल्या?’ उत्तरात माणसांची आणि विभागांची ठोस उदाहरणं आली तर ती ऑफर इतरांपेक्षा वर ठेवा, आणि रोजनिशी पहिल्याच आठवड्यापासून सुरू करा.